रिसेल फ्लॅटमध्ये राहायला आलोय, लाइटचं मीटर तिसऱ्याच माणसाच्या नावावर आणि पाइप गॅस बंद. आधी काय करू?

सई_सांगली

नमस्कार सगळ्यांना. गेल्या रविवारी आम्ही सांगलीहून पुण्यात शिफ्ट झालो, सिंहगड रोडला दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके घेतलाय, रिसेलचा. खरेदीखत होऊन तीन आठवडे झाले, ताबा मिळाला, सामान आलं, पण लाइट आणि गॅस या दोन गोष्टींनी डोकं नुसतं भणभणलंय. मिस्टरांची शिफ्ट ड्यूटी आहे त्यामुळे हे सगळं मलाच बघायचंय, घरात सासूबाई आहेत, 68 वर्षांच्या, आणि मुलगा चार वर्षांचा.

आधी लाइटचं सांगते. लाइट चालू आहे पण बिल येतं ते ज्यांच्याकडून आम्ही घर घेतलं त्यांच्या नावावर नाही, त्यांच्याही आधीच्या मालकाच्या नावावर, म्हणजे आमच्या विक्रेत्याने आठ वर्षांत नाव बदललंच नाही. त्यात दोन महिन्यांची 3,480 रुपये थकबाकी. विक्रेते म्हणतात घर 14 महिने बंद होतं तरी मी वर्षभर दरमहा दीड-दोन हजार भरत आलो, आता व्यवहार झाला, आता मी भरणार नाही. एजंट म्हणतो बंद घराला ॲव्हरेज बिल येतंच, आणि नाव बदलायची काही गरज नाही, ग्राहक नंबर टाकून ऑनलाइन भरत राहा. मला हे पटत नाहीये पण नेमकं काय चुकतंय तेही कळेना.

आता गॅस. ड्राय बाल्कनीत पाइप गॅसचं मीटर आहे, एजंट दाखवताना म्हणाला होता की गॅस आहेच, फक्त शेगडी लावा. शेगडी लावायला माणूस बोलावला तर तो म्हणाला व्हॉल्व्हला सील आहे, मी हात लावणार नाही, आणि निघून गेला. विक्रेत्यांना विचारलं तर म्हणाले भाडेकरू गेले तेव्हा शेवटचं बिल राहिलं असेल. सांगलीचं सिलिंडरचं कनेक्शन मिस्टरांच्या नावावर आहे, ते तसंच चालू आहे, एक भरलेला सिलिंडर टेम्पोतून बरोबर आणलाय, तो इथे लावला तर चालेल का? चार बर्नरची नवीन काचेची शेगडी घेतलीये, ती दुकानदाराने सिलिंडरवर चालते म्हणून दिलीये, पाइप गॅसवर चालेल का तेही माहीत नाही.

सध्या सगळा स्वयंपाक इंडक्शनवर चाललाय, आणि सकाळी गीझर चालू असताना इंडक्शन लावलं की घरातली सगळी लाइट जाते. काल वरण अर्धं शिजलेलं आणि मुलगा आंघोळीत साबण लावलेला, अंधार. प्लीज कोणीतरी क्रमाने सांगा, आधी कुठे जाऊ, काय कागद नेऊ.

मुकुंद_कोथरूड

सई, आधी पुण्यात स्वागत. आम्हीही तीन वर्षांपूर्वी रिसेलच घेतला म्हणून सांगतो.

आज संध्याकाळी पहिलं काम, लाइटच्या मीटरचा आणि गॅसच्या मीटरचा फोटो काढ, आकडे आणि मीटरचा सिरियल नंबर दोन्ही स्वच्छ दिसतील असा, आणि तो विक्रेत्यांना व्हॉट्सॲपवर पाठव, खाली लिही की ताबा अमुक तारखेला घेतला, आजचं रीडिंग हे, यामागचं सगळं तुमच्याकडे. खरं तर हे ताब्याच्या दिवशी दोघांनी मिळून मीटर रूममध्ये उभं राहून करायचं असतं आणि शेवटच्या हप्त्यातले वीस-पंचवीस हजार बिलं क्लिअर होईपर्यंत हातात ठेवायचे असतात, पण ते आता गेलं. खरेदीखत उघडून बघ, त्यात बहुतेक एक कलम असतं की ताब्याच्या तारखेपर्यंतचा मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, वीज बिल वगैरे लिहून देणाराने म्हणजे विक्रेत्याने भरायचं. ते असेल तर त्या पानाचा फोटोही त्यांना पाठव, भाषा एकदम बदलते.

नाव बदलायची गरज नाही हे एजंटचं म्हणणं साफ चुकीचं आहे. वीज बिल हे पत्त्याचा पुरावा म्हणून सगळीकडे लागतं, पाइप गॅसच्या नाव बदलालासुद्धा लागतं, उद्या छतावर सोलर लावायचं म्हटलं, लोड वाढवायचा म्हटला की पहिला प्रश्न, कनेक्शन कोणाच्या नावावर. आणि सुरक्षा ठेव म्हणजे डिपॉझिट जे आहे ते त्या जुन्या माणसाच्या नावावर पडून आहे, त्यावर दरवर्षी व्याज बिलात जमा होतं, ते सगळं नीट करून घे.

कागद: इंडेक्स टू म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा, खरेदीखताची झेरॉक्स, आधार, पॅन, सोसायटीचं ना-हरकत किंवा शेअर सर्टिफिकेट, शेवटचं भरलेलं बिल. महावितरणच्या वेबसाइटवरून ऑनलाइन होतं, ग्राहक क्रमांक 12 आकडी आणि चार आकडी बिलिंग युनिट बिलावर वर असतो.

अमोल_पीसीएमसी

एवढं काय टेन्शन घेताय, भरलेला सिलिंडर आहे ना, लावा आणि वापरा, कोण बघायला येतंय. आम्ही वर्षभर गावचाच सिलिंडर वापरला.

ऋतुजा_ठाणे

अमोल, सॉरी पण असं नको सांगूस, त्यांच्या घरात लहान मूल आहे. कोण बघायला येतंय हा प्रश्नच नाहीये. सिलिंडरचा अपघात झाला तर कंपन्यांचा जो विमा असतो त्यात घराच्या नुकसानीचं कव्हर फक्त कनेक्शनच्या नोंदणीकृत पत्त्यावर मिळतं, सांगलीच्या पत्त्यावरचं कनेक्शन आणि सिलिंडर पुण्यात, काय मिळणार. शिवाय रिकामा झाल्यावर रिफिल कुठून आणणार, डिलिव्हरीचा कोड त्यांच्या मोबाइलवर येईल पण माणूस सांगलीच्या दारात उभा असेल.

सई, गॅसचं मी सांगते, आमची तीन घरं बदलून झालीत त्यामुळे हे पाठच झालंय.

सिलिंडरचं दोन प्रकारे ट्रान्सफर होतं. गावातल्या गावात पत्ता बदलला तर सिलिंडर-रेग्युलेटर परत करावं लागत नाही, जुना डिस्ट्रिब्युटर ट्रान्सफरचा कागद देतो आणि नवीन डिस्ट्रिब्युटरकडे नाव लागतं. गाव बदललं तर मात्र सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या डिस्ट्रिब्युटरकडे जमा करायचे, तेव्हा डिपॉझिट परत मिळतं आणि टर्मिनेशन व्हाउचर मिळतं, सगळे त्याला टीव्ही म्हणतात. तो टीव्ही नवीन गावात दाखवून परत डिपॉझिट भरायचं आणि नवीन सिलिंडर घ्यायचा. यात एक गोष्ट लक्षात ठेव, परत मिळतं ते तुम्ही त्या काळी जेवढं भरलं असेल तेवढंच, आणि नवीन भरायचं ते आजच्या दराने. जून 2022 मध्ये 14.2 किलोच्या सिलिंडरचं डिपॉझिट 1,450 चं 2,200 झालं आणि रेग्युलेटरचं 150 चं 250. मूळ कनेक्शनचा कागद, सबस्क्रिप्शन व्हाउचर म्हणजे एसव्ही, तो शोधून ठेव, हरवला असेल तर हमीपत्र लिहून द्यावं लागतं.

पण तुझ्या घरात पाइप गॅस आहे, तो चालू झाला तर पुण्यात नवीन सिलिंडर कनेक्शन घ्यायची गरजच नाही. तेव्हा माझं मत विचारशील तर सांगलीला पुढच्या वेळी जाल तेव्हा सिलिंडर नेऊन ते सरेंडर करून टाका. तोपर्यंत भरलेला सिलिंडर उभा ठेव, आडवा नाही, टोपी लावून, हवेशीर जागी, आणि कुठल्याही गटाराच्या जाळीजवळ किंवा खोलगट जागेत नको.

आता पाइप गॅस. पुण्यात तो एमएनजीएल म्हणजे महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीचा असतो, आमच्याकडे ठाण्या-मुंबईत महानगर गॅसचा, पद्धत जवळपास सारखीच. सील कोणाकडूनही तोडून घेऊ नकोस, तुझा तो शेगडीवाला माणूस चांगला होता म्हणून हात न लावता गेला. मीटरवर ग्राहक क्रमांकाचं स्टिकर असतं किंवा मीटरचा नंबर असतो, तो घेऊन कंपनीच्या कस्टमर केअरला विचार की थकबाकी किती आणि पुरवठा का बंद केलाय. थकबाकी विक्रेत्यांनी भरायची, मग नाव बदलाचा अर्ज, त्याला जुन्या ग्राहकाचं ना-हरकत लागतं कारण डिपॉझिट त्याच्या नावावर असतं, ते तुझ्या नावावर वर्ग करायचं की त्याला परत द्यायचं हे त्याच पत्रात लिहून घे, नंतर यावरूनच वाद होतात. इंडेक्स टू आणि वीज बिल जोड. मग त्यांचा टेक्निशियन येतो, लीकेज टेस्ट करतो आणि चालू करून देतो.

शेगडी चालेल पण तशीच्या तशी नाही. सिलिंडरच्या गॅसमध्ये प्रोपेन-ब्युटेन असतो आणि पाइपमध्ये बहुतांश मिथेन, त्याचं प्रेशर कमी आणि तेवढ्याच आकारमानात उष्णताही कमी, म्हणून जेटचं, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या छोट्या तोटीचं, भोक मोठं लागतं. सिलिंडरच्या जेटवर पाइप गॅस लावला तर आच इवलीशी येते, चपाती फुगतच नाही, आणि उलटं, पाइपच्या जेटवर सिलिंडर लावला तर भडका पिवळा मोठा येतो, तो धोकादायक. काचेच्या हॉबचे जेट शक्यतो त्या ब्रँडच्या सर्व्हिसवाल्याकडूनच बदलून घे, सुईने भोक मोठं करून देणारे लोक असतात, त्यांना दारातूनच परत पाठव. ज्योत निळी, बुडाला चिकटलेली, न उडणारी यायला पाहिजे.

अजून एक, हे मनापासून सांगते. किचन ट्रॉली करून घेणार असशील तर गॅसचा पाइप आणि व्हॉल्व्ह लाकडाच्या आत बंद करू देऊ नकोस. आमच्या मागच्या घरात सुताराने छान दिसतं म्हणून पाइप पॅनलने झाकून टाकला होता आणि व्हॉल्व्ह ड्रॉवरच्या मागे गेला, एका रात्री वास यायला लागला तर मला बंद करायला व्हॉल्व्हपर्यंत हातच पोचेना, भांडी उपसून ड्रॉवर ओढून काढला तेव्हा बंद झाला. नळी सैल झाली होती इतकंच, पण ती पाच मिनिटं मी विसरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी पॅनल काढून टाकलं. पाइप गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणून किचनच्या खिडकीचा वरचा भाग किंवा एक्झॉस्टची जागा उघडी हवी. सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत साठतो.

सासूबाईंना दोन्ही व्हॉल्व्ह दाखवून ठेव, मीटरजवळचा आणि शेगडीजवळचा, आडवा म्हणजे बंद, पाइपच्या रेषेत म्हणजे चालू. वास आला तर लाइटचं कुठलंही बटण चालूही नाही आणि बंदही नाही, खिडक्या उघडायच्या, व्हॉल्व्ह बंद, बाहेर जाऊन फोन. सिलिंडरच्या गळतीसाठी 1906 आहे, पाइप गॅसचा इमर्जन्सी नंबर मीटरजवळच्या स्टिकरवर असतो, तो दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून लाव.

निवृत्त_वायरमन_सातारा

ताई, मी 34 वर्षं लाइनवर काढलीत, आता घरी असतो म्हणून सविस्तर लिहितो, वाचायला वेळ लागला तरी वाचा.

तुमच्या पोस्टमध्ये मला एकच गोष्ट खटकली, बंद घराला दीड-दोन हजार बिल. एजंट म्हणतो ॲव्हरेज. ॲव्हरेज आहे की नाही ते बिलावरच कळतं. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग बघा, मीटरचा फोटो छापलेला असतो तो बघा. घर लॉक असेल, रीडिंग मिळालं नसेल, तर बिलावर तसं लिहिलेलं असतं आणि रीडिंग पुढे सरकत नाही. पण दर महिन्याला फोटो वेगळा, रीडिंग पुढे गेलेलं, असं असेल तर ते ॲव्हरेज नाही, ती वीज खरोखर कोणीतरी वापरलेली आहे. आणि पुण्यात मीटर खाली मीटर रूममध्ये असतात, तिथे घर लॉक असण्याचा प्रश्न येतच नाही.

बंद घरात वीज कशी वापरली जाईल? एक तर कोणी चोरून घेतंय, नाहीतर मीटर क्रॉस आहे. क्रॉस म्हणजे मीटरवर नंबर तुमच्या फ्लॅटचा पण त्यातून बाहेर पडलेली वायर दुसऱ्याच फ्लॅटमध्ये गेलेली. हे मी किती बिल्डिंगमध्ये बघितलंय ते मोजलेलं नाही. बिल्डिंग बांधताना मीटरपासून फ्लॅटपर्यंतची वायर बिल्डरचा इलेक्ट्रिशियन ओढतो, वीस-पंचवीस वायरी एकाच डक्टमधून वर जातात, टॅग पडला की 203 ची वायर 303 ला जाते, आणि दोघांचा वापर सारखा असेल तर वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागत नाही.

तपासायची रीत सोपी. दोन माणसं लागतील. एकाने फ्लॅटमध्ये मेन स्विच बंद करायचा, दुसऱ्याने खाली मीटरसमोर उभं राहायचं. मीटरचा डिस्प्ले चालूच राहील कारण त्याला सप्लाय वरून येतोच, बघायचा तो लुकलुकणारा लाल दिवा. बहुतेक मीटरवर 3200 इंपल्स लिहिलेलं असतं, म्हणजे एका युनिटला तो दिवा 3200 वेळा लुकलुकतो. मेन बंद केल्यावर तुमच्या मीटरचा दिवा थांबला पाहिजे. मग मेन चालू करून फक्त इंडक्शन 2000 वॉटवर लावा, मिनिटाला शंभराच्या वर लुकलुकला पाहिजे, भराभर. मेन बंद असूनही तुमच्या नंबरचं मीटर लुकलुकत असेल तर ते मीटर तुमच्या घराचं नाही, नाहीतर त्यावरून कोणीतरी वीज घेतंय. हात कशालाच लावायचा नाही, नुसतं बघायचं आणि व्हिडिओ काढायचा.

हे झाल्याशिवाय नाव बदलाचा अर्ज करू नका, नाहीतर दुसऱ्याचं मीटर तुमच्या नावावर होईल.

थकबाकीबद्दल. लोकांना वाटतं जुन्या मालकाची थकबाकी आपल्याला लागू नाही. तसं नाही. महाराष्ट्रात जुन्या मालकाची थकबाकी जागेवर बोजा म्हणून नवीन मालकाकडे येते, 2005 च्या राज्य वीज नियामक आयोगाच्या संहितेतही तसं होतं आणि त्यात वारस सोडून इतरांसाठी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकबाकीची मर्यादा होती. सुप्रीम कोर्टानेही 19 मे 2023 ला केरळ वीज मंडळाच्या प्रकरणात सांगितलं की नियमात तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नवीन मालकाकडून मागता येते. म्हणून थकबाकी आधी मिटवायची, मग विक्रेत्याशी हिशोब. बिल थकलं तरी लगेच येऊन तोडत नाहीत, 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल तर हरकत नोंदवून म्हणजे अंडर प्रोटेस्ट रक्कम भरता येते, लाइट तोडली जात नाही आणि तक्रारही जिवंत राहते. तक्रार नेहमी लेखी द्या, पोच घ्या. तिथे नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्या वर विद्युत लोकपाल, वकील लागत नाही.

नाव बदलाला जुने लोक अजून यू फॉर्म म्हणतात. आधीच्या ग्राहकाचं संमतीपत्र मिळालं तर उत्तम. तो माणूस सापडत नसेल, तुमच्या बाबतीत तर दोन मालक मागचा आहे, तर नोंदणीकृत खरेदीखतावरही होतं, अडून बसू नका. संमती नसेल तर त्याची ठेव तुमच्या नावावर येत नाही, तुम्हाला नवीन ठेव भरावी लागते, आता ती सरासरी दोन महिन्यांच्या बिलाएवढी असते.

आता तुमची लाइट जाते ते. तुमचा गीझर इन्स्टंट असेल, तीन लिटरचा, तर तो 3000 वॉटचा असतो, म्हणजे 13 अँपिअर. इंडक्शन 2000 वॉट, जवळपास 9 अँपिअर. दोन्ही मिळून 22. तुमच्या मेन एमसीबीवर, म्हणजे जास्त लोड आला की आपोआप पडणाऱ्या बटणावर, काय लिहिलंय बघा, सी 16 किंवा सी 20 असेल तर घरातल्या बाकीच्या वापरासकट तो उडू शकतो आणि उडतोय हे चांगलं आहे, तो त्याचं काम करतोय. कोणी इलेक्ट्रिशियन म्हणेल 32 चा टाकून देतो, तर त्याला आधी विचारा आतली वायर किती स्क्वेअर एमएमची आहे. वायर बारीक आणि एमसीबी मोठा म्हणजे वायर जळेल पण एमसीबी पडणार नाही. तोपर्यंत गीझर आणि इंडक्शन वेळा वेगळ्या ठेवा. आणि इंडक्शनची मोठी पिन साध्या छोट्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर लावून घातलेली असेल तर आजच काढा, 16 अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायची.

लहान मूल आहे म्हणून सांगतो, डीबीमध्ये म्हणजे मेन बटणांच्या पेटीत आरसीसीबी आहे का बघा, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअर लिहिलेला, त्यावर टी लिहिलेलं टेस्टचं बटण असतं. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. रिसेल घरात बऱ्याचदा नसतो किंवा सारखा उडतो म्हणून कोणीतरी बायपास केलेला असतो. आणि अर्थिंग चेक करून घ्या, गीझर असलेल्या घरात अर्थिंगशिवाय राहू नका.

सई_सांगली

काका, मला काय लिहावं कळत नाहीये. तुम्ही म्हणालात तसं काल रात्री मिस्टर आल्यावर केलं. मी खाली, ते वर फोनवर. त्यांनी मेन बंद केला आणि बी-203 लिहिलेलं मीटर तसंच लुकलुकत राहिलं. मग मी सगळ्या मीटरांवर बघत गेले तर वरच्या रांगेतलं बी-303 चं शांत झालेलं. मेन चालू करून इंडक्शन लावलं तर 303 चं भराभर लुकलुकायला लागलं. तीन वेळा केलं, व्हिडिओ आहे.

बिलं परत बघितली, वर्षभर दर महिन्याला 160 ते 180 युनिट, फोटो प्रत्येक वेळी वेगळा. म्हणजे आमचे विक्रेते 303 चं बिल भरत होते आणि 303 वाले बंद घराचं.

303 मध्ये आजी-आजोबा दोघंच राहतात, मुलगा बाहेरच्या देशात, बिल त्याच्या खात्यातून आपोआप जातं त्यामुळे त्यांनी वर्षभर बिल बघितलेलंच नाही. मी सांगायला गेले तेव्हा आजोबा आधी घाबरले, म्हणाले आम्ही काही केलं नाही हो. मला फार वाईट वाटलं. मग त्यांना खाली नेऊन दाखवलं, त्यांच्या घरचा मेन बंद करून, तेव्हा त्यांना पटलं. आजींनी थालीपीठ करून पाठवलं, म्हणाल्या गॅस नाही तुमच्याकडे. आता पुढे काय करू? आणि ते 3,480 मी भरू का नको? भरले नाहीत आणि लाइट तोडली तर अंधार त्यांच्या घरात होईल ना?

निवृत्त_वायरमन_सातारा

अगदी बरोबर ओळखलंत, तोडली असती तर 303 अंधारात गेलं असतं आणि कारण कोणालाच कळलं नसतं.

आता असं करा. दोन्ही घरांचा मिळून एकच अर्ज, दोघांच्या सह्या, दोन्ही ग्राहक क्रमांक, दोन्ही मीटरचे सिरियल नंबर, तपासल्याची तारीख, आणि सोसायटीचं पत्र, महावितरणच्या उपविभाग कार्यालयात द्यायचं, पोच घ्यायची. स्थळ तपासणी होईल. दुरुस्ती म्हणजे मीटरमधून बाहेर पडणाऱ्या दोन वायरींची अदलाबदल, पण मीटरला सील असतं त्यामुळे ते त्यांच्या माणसासमोरच करायचं, तुमच्या इलेक्ट्रिशियनला परस्पर करू देऊ नका, सील तुटलेलं सापडलं तर विनाकारण चोरीचा संशय येतो. काम झालं की परत मेन बंद करून दोन्ही मीटर बघा आणि त्या दिवसाची दोन्ही रीडिंग लिहून दोघांनी सही करून ठेवा. सोसायटीला सांगून बाकीचे फ्लॅटही तपासा, दोन वायरी बदलल्यात तर आणखी बदललेल्या असू शकतात.

3,480 रुपये वापरलेल्या विजेचेच आहेत, ते आजोबांच्या मुलाने भरणं बरोबर. मागच्या वर्षाचा हिशोब विक्रेते आणि 303 यांच्यातला, वीज दोघांच्या मीटरवर बरोबर मोजली गेलीये, पैसे फक्त उलटे भरले गेलेत, तो त्यांनी बिलांवरून आपसात मिटवावा. तुम्ही फक्त ताब्याच्या तारखेनंतरचं बघा, त्या दिवसापासून 303 च्या मीटरवर जे पडलंय ते तुमचं.

मुकुंद_कोथरूड

हे वाचून मी आत्ता आमच्या घरचा मेन बंद करून आलो. आमचं बरोबर निघालं. तीन वर्षांत हे कधी सुचलं नव्हतं.

सई, विक्रेत्यांना आता हे कळव, वर्षभर दुसऱ्याचं बिल भरलं हे कळल्यावर ते स्वतःहून आजोबांशी बोलायला येतील, आणि गॅसचं ना-हरकत त्याच वेळी हातात घे. अर्ज झाल्यावर गो-ग्रीनही घेऊन टाक, कागदी बिल बंद, ईमेलवर येतं आणि बिलामागे 10 रुपये सूट मिळते. आजोबांनाही एसएमएस चालू करून दे, त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर.

सई_सांगली

अपडेट देते, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं म्हणून.

संयुक्त अर्ज दिला, नवव्या दिवशी तपासणीला माणसं आली, वायरी बदलून सील करून गेली. आता मेन बंद केला की 203 चं मीटर शांत होतं. सोसायटीने बाकीचे तपासले, तिसऱ्या विंगमध्ये अजून एक जोडी निघाली. 3,480 आजोबांच्या मुलाने त्याच दिवशी भरले, आणि विक्रेते खरंच आले, दोन तास बिलं मांडून बसले, दोघांचं ठरलं. मूळ मालकाचा पत्ता लागला नाही म्हणून नाव बदल खरेदीखतावर टाकलाय, नवीन ठेव भरली, अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आलाय, पुढच्या बिलांवर नाव येईल.

आरसीसीबी आमच्याकडे नव्हताच, काका, तो बसवला. अर्थिंगची वायर गीझरच्या सॉकेटला जोडलेलीच नव्हती, लोंबकळत होती आत. ते बघून मी दोन मिनिटं खाली बसले. आता जोडलीये, तपासून घेतलीये.

गॅसची थकबाकी 640 रुपये होती, विक्रेत्यांनी भरली, ना-हरकतीवर डिपॉझिट माझ्या नावावर वर्ग करायचं लिहून घेतलं ऋतुजाताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. टेक्निशियन बुधवारी येतोय आणि त्याच सकाळी शेगडीच्या कंपनीचा माणूस जेट बदलायला. तोपर्यंत इंडक्शन, पण गीझर बंद झाल्यावरच. एक शेवटचं विचारायचं होतं, शेगडीची रबरी नळी नवीन घ्यायला पाहिजे का, सांगलीहून आणलेली दोन वर्षांचीच आहे?

ऋतुजा_ठाणे

दोन वर्षांची असली तरी ती सिलिंडरच्या रेग्युलेटरच्या मापाची आहे, ती लावूच नकोस. बुधवारी येणाऱ्या टेक्निशियनकडूनच त्यांची मान्य असलेली नळी घे आणि दोन्ही टोकांना क्लिप लावलेली स्वतः बघ. तो जायच्या आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते तुझ्यासमोर दाखवायला सांग. आणि पहिली चपाती फुगली की इथे लिही.